पार्सल आलेच नाही : सबर किती दिवस, तक्रार केव्हा?

आमच्या कोकणात परदेशी वस्तू येत ती माणसाच्या हातून. दुबईहून, कुवेतहून, मस्कतहून कुणी सुट्टीवर निघाला की गावभर निरोप जायचा. मामूच्या बॅगेत कुणाची जानमाज, कुणाचे अत्तर, कुणाच्या मुलीचा दुपट्टा. वस्तू हरवली तरी विचारायला माणूस होता. आता तीच वस्तू मोबाइलवर दिसते, बोट लावले की पैसे जातात आणि वस्तू हजारो किलोमीटरवरून एकटीच निघते. ती पोहोचली तर अल्हम्दुलिल्लाह. पण पोहोचली नाही तर कुणाला विचारायचे?

हा प्रश्न गेल्या वर्षी आमच्याच घरात उभा राहिला. त्यात आम्ही काय चुकलो, काय शिकलो आणि पैसे कसे परत मिळाले, ते सविस्तर लिहीत आहोत. कारण अशी रक्कम गेली की आपल्याकडे बहुतेक जण "जाऊ दे, सदका समजा" म्हणून गप्प बसतात.

मामूचा जोडा

बहिणीच्या मुलीचा निकाह शव्वालमध्ये ठरला होता. मामूकडून जोडा द्यायचा, ही आमच्या घरातली जुनी रीत. भाचीने तुर्कस्तानातल्या एका दुकानाच्या संकेतस्थळावर भरतकामाचा अबाया आणि त्यावरचा दुपट्टा पाहून ठेवला होता. किंमत आपल्या पैशांत १८,६०० रुपये. शिक्षकाच्या पगारात ही रक्कम लहान नाही, पण भाची एकुलती एक. रजबच्या पहिल्या आठवड्यात आम्ही डेबिट कार्डावरून पैसे भरले. "१५ ते २० दिवसांत घरपोच" असे लिहिलेला ईमेल लगेच आला. ट्रॅकिंग नंबरही आला.

रजब संपला, पार्सल नाही. विचारले तर उत्तर गोड : "खराब हवामानामुळे विमाने उशिरा आहेत, कृपया दोन आठवडे थांबा." दोन आठवडे थांबलो. मग उत्तर आले, "पार्सल तुमच्या देशाच्या कस्टममध्ये आहे, आणखी थोडे थांबा." शाबान गेला. आम्ही मनात म्हणत होतो, परके लोक आहेत, उगाच संशय कशाला घ्यायचा. रमजानच्या दुसऱ्या अशऱ्यात ट्रॅकिंगवर शब्द उमटला : "पोहोचले." आम्ही दारात पाहिले, शेजारी विचारले, पोस्टात आणि कुरियरच्या कचेरीत जाऊन आलो. कुठेच काही नाही.

त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा हिशेब मांडला. पार्सल येण्याची शेवटची तारीख उलटून जवळजवळ दीड महिना झाला होता. पैसे परत मागण्याची एक मुदत असते आणि आमच्या गोड थांबण्यात ती मुदत चालूच होती, हे तोवर आम्हाला माहीतच नव्हते.

घड्याळ कधी सुरू होते?

व्हिसा, मास्टरकार्ड यांसारख्या कंपन्यांच्या कार्डाने पैसे भरले असतील आणि वस्तू मिळाली नसेल, तर ग्राहक आपल्या बँकेमार्फत ते पैसे विक्रेत्याच्या बँकेकडून परत मागू शकतो. याला चार्जबॅक म्हणतात. यासाठी या कंपन्यांच्या नियमांत सर्वसाधारणपणे १२० दिवसांची मुदत असते आणि वस्तू न मिळाल्याच्या दाव्यात ती वस्तू मिळायची होती त्या तारखेपासून मोजतात. आपली बँक कागदपत्रे मागवायला वेळ घेते, कधी स्वतःची आणखी आधीची तारीख सांगते. म्हणून १२० हा आकडा शेवटचा दिवस समजावा, सुरुवातीचा नव्हे.

विक्रेत्याचे "आणखी दोन आठवडे थांबा" कधी खरे असते. सणासुदीला टपाल खरोखर तुंबते, कस्टममध्ये पार्सल अडकते. पण लबाड विक्रेत्याचे हे नेहमीचे हत्यारही आहे. ग्राहक सभ्यपणे थांबत राहतो आणि मुदत निघून जाते. पैसे भरल्या दिवशीच घरच्या कॅलेंडरवर दोन तारखा लिहाव्यात. एक, वस्तू येण्याची शेवटची तारीख. दुसरी, त्यानंतर पंधरा दिवसांनी बँकेत जाण्याची तारीख. मधल्या काळात विक्रेत्याला सवलत द्या, दुसरी तारीख मात्र ढकलू नका.

पवित्र कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत (सूरह बकरा, आयत २८२) उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. मुदत ठरवावी, लिहावे, साक्षीदार ठेवावेत, लहान रक्कम असो की मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, असा तिचा आशय. आज आपण पैसे आधी देतो आणि माल नंतर घेतो, म्हणजे तेवढे दिवस आपला हक्क दुसऱ्याकडे असतो. आज साक्षीदाराचे काम स्क्रीनशॉट करतो, ईमेल करतो.

कोणते कार्ड, कोणाचे कार्ड

आपल्या अनेक घरांत व्याजाच्या भीतीने क्रेडिट कार्ड ठेवत नाहीत. मग लोक समजतात की पैसे परत मागण्याची सोय फक्त क्रेडिट कार्डवाल्यांना आहे. तसे नाही. व्हिसा किंवा मास्टरकार्डाच्या डेबिट कार्डावरही वस्तू न मिळाल्याचा दावा करता येतो. आम्ही डेबिट कार्डावरच केला. फरक इतकाच की डेबिट कार्डात पैसे आपल्या खात्यातून आधीच गेलेले असतात, त्यामुळे निकालापर्यंत ओढ आपल्याला सोसावी लागते. ज्यांच्याकडे क्रेडिट कार्ड आहे त्यांनी वाद चालू असतानाही बिलाची तारीख चुकवू नये. वादातली रक्कम भरायची की नाही ते बँकेकडून लेखी घ्यावे, म्हणजे व्याज लागण्याचा प्रसंग येणार नाही.

दुसरी गोष्ट आखाती देशांत नातेवाईक असलेल्या घरांसाठी. पुष्कळदा वस्तू आपण निवडतो आणि पैसे दुबईतला भाऊ किंवा जावई आपल्या कार्डाने भरतो. अशा वेळी चिपळूणच्या बँकेत जाऊन काही होत नाही. कार्ड ज्याचे, दावा त्याचा आणि तोही त्याच्याच बँकेत. भावाला संकोचाने न सांगता बसलात तर मुदत त्याचीही संपते.

तिसरी गोष्ट. विक्रेता म्हणाला, "कार्ड नको, या माणसाच्या खात्यात थेट पाठवा" किंवा मनी ट्रान्सफरने पाठवा, तर तिथेच थांबावे. एखाद्या व्यक्तीच्या खात्यात आपण स्वतः पाठवलेली रक्कम परत आणणे फार अवघड असते. थोडी सवलत मिळते म्हणून हा मार्ग धरू नये.

पार्सल खरेच कुठे आहे?

दाव्याआधी पार्सलचा शोध प्रामाणिकपणे घ्यावा. सरकारी टपालाने आलेल्या नोंदणीकृत परदेशी पार्सलाच्या नंबरात १३ खुणा असतात : आधी दोन इंग्रजी अक्षरे, मग नऊ आकडे, शेवटी देशाची दोन अक्षरे. तुर्कस्तानहून निघालेल्याला शेवटी टी आणि आर, चीनहून निघालेल्याला सी आणि एन. असा नंबर भारतीय टपाल खात्याच्या संकेतस्थळावरही पाहता येतो. हरवलेल्या पार्सलाची चौकशी पाठवल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावी लागते आणि टपाल खात्याची भरपाई सहसा पाठवणाऱ्याला मिळते. म्हणून चौकशी लावण्याची जबाबदारी विक्रेत्यावर टाकावी. "तुमच्या पोस्टात विचारा" एवढे बोलून त्याला मोकळे होऊ देऊ नये.

पार्सल कस्टममध्ये असेल तर कधी ओळखपत्र आणि आयात शुल्क मागतात. पूर्वी पाच हजार रुपयांपर्यंतची भेटवस्तू शुल्काशिवाय येत असे. डिसेंबर २०१९ पासून राखी आणि जीवरक्षक औषधे सोडता ती सवलत गेली. कुरियर कंपनीने मागितलेली कागदपत्रे आपण दिली नाहीत म्हणून पार्सल परत गेले, तर दावा कमजोर होतो. पण याच नावाखाली फसवणूकही चालते. "तुमचे पार्सल कस्टमने अडवले आहे, या लिंकवर लगेच पैसे भरा" असा संदेश आला तर लिंक उघडू नका. कुरियरचा नंबर त्याच्या संकेतस्थळावरून स्वतः शोधून फोन करा. सीमाशुल्क अधिकारी फोन करून कुणाच्या खासगी खात्यात पैसे मागत नाहीत.

आमच्या बाबतीत ट्रॅकिंगचा शेवटचा भाग भारतातल्या एका कुरियरचा होता. त्यांच्या गावातल्या कचेरीत बसलेल्या तरुणाने संगणकात पाहिले आणि म्हणाला, "सर, हे पार्सल सुरतेला दिलंय. वजन शंभर ग्रॅम. तुमच्या पिनकोडवर या नंबरचं काहीच आलेलं नाही." भरतकामाचा अबाया शंभर ग्रॅमचा नसतो. कुणाचा तरी दुसराच नंबर आम्हाला चिकटवला होता. आम्ही विनंती केली, तेव्हा त्याने तेवढीच माहिती कचेरीच्या ईमेलवरून लेखी दिली. ते दोन ओळींचे पत्र पुढे फार कामाला आले.

बँकेतला तो प्रसंग

सगळे कागद घेऊन बँकेत गेलो. काउंटरवरचा कर्मचारी भला माणूस होता. आमची अडचण ऐकून त्याने हळूच सल्ला दिला, "सर, लिहा की हा व्यवहार मी केलाच नाही. कार्ड ब्लॉक करू, लवकर काम होईल."

रोजा होता. खरे सांगायचे तर एक क्षण मन हललेही. विक्रेत्याने आम्हाला फसवले, मग एक शब्द इकडचा तिकडे केला तर काय बिघडले? पण व्यवहार आम्हीच केला होता. ओटीपी आम्हीच टाकला होता. दुसऱ्याच्या खोटेपणावर उपाय म्हणून आपण खोटे लिहायचे आणि खाली सही करायची, हे जमेना. घरी मुलांना काय सांगणार?

पुढे कळले की तो सल्ला कामाच्या दृष्टीनेही चुकीचा होता. "मी केला नाही" आणि "केला, पण वस्तू मिळाली नाही" हे बँकेच्या लेखी दोन वेगळे दावे आहेत. पहिल्यात बँक ओटीपीची नोंद काढते आणि दावा तिथेच फेटाळते. मग दुसरा दावा मांडताना आपल्याच सहीचा कागद आडवा येतो. आम्ही "वस्तू मिळाली नाही" यावर खूण केली. या वेळी खरे लिहिण्यातच शहाणपणा निघाला.

फॉर्मसोबत आम्ही एक पान जोडले. त्यात इतकेच होते : कोणत्या तारखेला, कोणत्या वस्तूसाठी, किती रक्कम भरली. वस्तू कोणत्या तारखेपर्यंत यायची होती. ती आजपर्यंत मिळालेली नाही. विक्रेत्याला कोणकोणत्या तारखांना लिहिले आणि त्याने काय उत्तर दिले. ट्रॅकिंगवर दिसणारे ठिकाण आमचे नाही. सोबत ऑर्डरचा ईमेल, ज्यावर आमचा पूर्ण पत्ता होता, विक्रेत्याशी झालेला सगळा पत्रव्यवहार, ट्रॅकिंगचा स्क्रीनशॉट आणि कुरियरचे पत्र. राग नाही, शिव्या नाहीत, मोठी कहाणी नाही. तक्रार क्रमांक आणि पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडला नाही.

विक्रेत्याची शेवटची खेळी

दावा लागताच दोन महिने आळसावलेला विक्रेता चोवीस तासांत जागा झाला. ईमेल आला, "तुम्ही बँकेतला दावा मागे घ्या, आम्ही लगेच पैसे परत करतो." हा सापळा असतो. दावा एकदा मागे घेतला की तो पुन्हा उभा करणे बहुधा जमत नाही. आम्ही नम्रपणे लिहिले, "आपण पैसे परत करा, ते कार्डावर जमा झाले की आम्ही स्वतः बँकेला कळवू." पुढे त्याचे उत्तर आले नाही.

ईद झाली. निकाहही झाला. भाचीसाठी इथल्याच बाजारातून दुसरा जोडा घेतला. ती काही बोलली नाही, उलट आम्हालाच समजावत राहिली.

जिल्कादमध्ये बँकेचा ईमेल आला. विक्रेत्याने "पोहोचले" असे दाखवणारे ट्रॅकिंग पुरावा म्हणून दिले होते आणि आमचे म्हणणे थोड्याच दिवसांत मागितले होते. इथे अनेक जण हरतात, कारण हा ईमेल ते पाहतच नाहीत. दावा केल्यावर बँकेचा ईमेल रोज पाहावा. आम्ही त्याच संध्याकाळी उत्तर पाठवले : ऑर्डरवर पत्ता अमुक, पार्सल दिले सुरतेला, वजन शंभर ग्रॅम, हे कुरियरचे पत्र.

ईदुल अजहानंतर दुसऱ्या आठवड्यात खात्यात १८,४१२ रुपये जमा झाले. परकीय चलनाचा दर बदलल्याने थोडा फरक पडला. परदेशी व्यवहारावर बँकेने घेतलेला ७६८ रुपयांचा आकार आणि त्यावरचा कर मात्र परत आला नाही. परदेशी खरेदीत हा खर्च धरूनच चालावे.

बँकेने ऐकले नाही तर?

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत तक्रार करता येते. रिझर्व्ह बँकेच्या तक्रार पोर्टलवर ती घरबसल्या होते. त्यासाठी आधी बँकेला केलेली लेखी तक्रार आणि तिची पोच लागते, म्हणून तोंडी बोलण्यावर भागवू नये.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, मराठीतही बोलता येते. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार, जी परदेशी कंपनी भारतातल्या ग्राहकांना पद्धतशीरपणे माल विकते तिलाही हे नियम लागू आहेत. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात करणे तिच्यावर बंधनकारक आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे ग्राहक आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात दावा लावू शकतो. मुदत दोन वर्षे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मोठ्या बाजारपेठेच्या संकेतस्थळाविरुद्ध हा मार्ग उपयोगी पडतो. कुठल्याशा लहान परदेशी दुकानापुढे मात्र कार्डाचा दावाच अधिक चालतो, कारण त्यात पैसे विक्रेत्याच्या बँकेकडून वळते होतात.

दुकानच बनावट होते, संकेतस्थळ रातोरात गायब झाले, असे असेल तर वाट न पाहता १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंद करावी. तिथे पहिल्या काही तासांना फार किंमत असते. आणि परदेशी खरेदी झाली की कार्डावरचे आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद करून ठेवावेत. बँकेच्या ॲपमध्ये त्यासाठी सोय असते, गरजेपुरतेच ते सुरू करावेत.

दुसरी बाजू

प्रेषित हजरत मुहम्मद (स.) मदीनेत आले तेव्हा लोक खजुरांचे पैसे आगाऊ देऊन माल पुढच्या हंगामात घेत. अशा व्यवहाराला त्यांनी मनाई केली नाही. पण माप, वजन आणि मुदत ठरलेली असावी, असे सांगितले. म्हणजे माल पाहण्याआधी पैसे देण्याचा व्यवहार आपल्याला नवा नाही. अट एवढीच की दोन्ही बाजूंनी गोष्ट साफ असावी.

दोन्ही बाजूंनी म्हणजे आपल्याही. हे लिहिण्याचे कारण घरातच घडले. काही दिवसांपूर्वी धाकट्याने मलेशियातून मुलांसाठीचे अरबी अक्षरांचे पत्ते मागवले होते, चौदाशे रुपयांचे. दोन महिने आले नाहीत. विक्रेत्याने कुरकुर न करता पैसे परत केले. आणि मग एके दुपारी पोस्टमनकाका पाकीट घेऊन दारात. पाकिटाची एक कड दबलेली, पत्ते शाबूत.

मुलगा पाकीट हातात घेऊन म्हणाला, "अब्बू, आता हे फुकट?"

त्याच्या अम्मीने उत्तर दिले, "बेटा, आपले पैसे आपल्याकडे आणि त्याची वस्तूही आपल्याकडे. मग त्याच्याकडे काय राहिलं?"

त्याच रात्री मुलानेच विक्रेत्याला इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या, पत्ते मिळाले आहेत, पैसे कसे पाठवू? विक्रेत्याने लिंक पाठवली. आम्ही आधी त्याच्या जुन्या ईमेलशी पत्ता ताडून पाहिला, मग पैसे भरले. सूरह मुतफ्फिफीनची सुरुवात अशा लोकांना ताकीद देते, जे घेताना माप पुरेपूर घेतात आणि देताना कमी देतात. ती फक्त तराजूवाल्या दुकानदारासाठी आहे असे समजू नये. आपण ग्राहक असतानाही मापाचे एक टोक आपल्या हातात असते.

म्हणून शेवटी आमच्या बहिणींना आणि भावांना इतकेच सांगणे. पार्सल आले नाही तर घाबरू नका, लाजू नका आणि "नशिबात नव्हते" म्हणून आपला हक्क सोडूही नका. सबर म्हणजे गप्प बसणे नव्हे. कागद जपणे, तारीख पाळणे, शांतपणे आपले म्हणणे मांडणे आणि निकालाची वाट पाहणे, हेही सबरच आहे. हक्काचे असेल ते वेळेत मागा, हक्काचे नसेल ते दारात आले तरी परत द्या.

भाचीला या ईदला आम्ही नवा अबाया दिला. या वेळी तो तिच्यासोबत मुंबईत मोहम्मद अली रोडला जाऊन, कापड हाताने पाहून घेतला.